पंडिता रमाबाई : दुष्काळातल्या लेकींना केडगावात घर देणारी माय

दौंड तालुक्यातलं केडगावचं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आई-वडील अन् बहीण गेले. उपाशी पोट म्हणजे काय, हे त्यांनी भोगलं होतं.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं. तिथं धर्मांतर होतं, असा आरोप झाला अन् पुण्यातल्या अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली, बालविधवा केडगावला आणल्या. नुसतं जेवण नाही. लिहिणं-वाचणं, शेती, विणकाम, छपाईही शिकवली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथं सुमारे २००० जणी होत्या.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मिशनचं काम आजही सुरू आहे.