पडद्यावरचा नानचाकू आणि सरावातला ब्रूस ली

फूटभर लांबीचे दोन दांडके आणि त्यांना जोडणारी दोरी किंवा साखळी. ओकिनावा बेटावरचे हे साधे हत्यार जगभर पोचले ते मुख्यतः एका माणसामुळे. नानचाकू म्हटले की ब्रूस ली डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याला जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी त्याचे चित्रपट पाहून दांडके गरगर फिरवणारी मुले देशोदेशी दिसतात. पण ज्याची ती नक्कल करतात, त्याने स्वतः दाखवायची लढत आणि लढायची लढत या दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवल्या होत्या. त्याचे चरित्र वाचताना हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ब्रूसचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील ली होई-च्युएन हे कँटोनीज संगीत नाटकातील नट. नाटक मंडळींबरोबर दौऱ्यावर असताना हे मूल झाले. घरचे नाव ली जुन-फान. ब्रूस हे इंग्रजी नाव इस्पितळातच मिळाले. तान्हा असतानाच तो एका चित्रपटात दिसला. पुढे कुटुंब हाँगकाँगला परतले आणि लवकरच तेथे जपानी सैन्याचा अंमल सुरू झाला. युद्ध संपल्यावर हा मुलगा बालनट म्हणून नावारूपाला आला. नटाच्या घरात वाढल्यामुळे प्रेक्षकांना काय आवडते हे त्याला फार लहानपणी कळले.

त्याच वेळी हाँगकाँगच्या गल्ल्यांमध्ये मुलांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या चालत आणि ब्रूस त्यांत पुढे असे. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास तो विंग चुन या कलेचे थोर गुरू इप मान यांच्याकडे शिकू लागला. ही कला जवळून लढण्याची. हालचाली आखूड, वाट सरळ, उगाच हातवारे नाहीत. १९५८ साली त्याने शाळाशाळांमधील मुष्टियुद्धाची स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी चा-चा नाचाची स्पर्धाही जिंकली. एकाच मुलाच्या अंगी लढवय्या आणि नर्तक दोघेही होते, हे पुढच्या सगळ्या हकिकतीचे मूळ आहे.

मारामाऱ्यांना कंटाळून आईवडिलांनी १९५९ साली त्याला अमेरिकेला धाडले. खिशात शंभर डॉलर होते. सिएटल शहरात एका चिनी हॉटेलात काम करीत त्याने शिक्षण पुरे केले आणि १९६१ साली वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. फावल्या वेळात तो गुंग-फू शिकवू लागला. चिनी असो, काळा असो वा गोरा, येईल त्याला तो शिकवी. ऑगस्ट १९६४ मध्ये त्याने लिंडा एमरी हिच्याशी विवाह केला.

त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे कराटेची मोठी स्पर्धा भरली होती. तेथे ब्रूसने दोन बोटांवर दंड काढून दाखवले आणि जेमतेम एका इंचावरून ठोसा मारून समोरच्याला मागे ढकलले. लोक थक्क झाले. परंतु खरी कसोटी वर्षअखेर ओकलंडमध्ये झाली. वाँग जॅक मॅन या दुसऱ्या चिनी युद्धकलाकाराशी बंद दाराआड त्याची झुंज झाली. ती किती वेळ चालली आणि कशी संपली, याविषयी दोन्ही बाजू वेगवेगळे सांगतात. ब्रूसच्या घरच्यांच्या सांगण्यानुसार तो जिंकला, पण खूश झाला नाही. प्रतिस्पर्धी पळत राहिला तेव्हा आपला दम लागला आणि शिकलेले डाव उपयोगी पडले नाहीत, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. स्पर्धेच्या मांडवातल्या टाळ्यांनी जे शिकवले नाही, ते या झुंजीने शिकवले.

त्या दिवसापासून त्याचा सराव बदलला. तो मैलोन् मैल धावू लागला, दोरीच्या उड्या मारू लागला. मुष्टियुद्धाच्या फिल्म तो पुन्हापुन्हा पाही, तलवारबाजीची पुस्तके वाची. ठरलेल्या क्रमाने हवेत हातपाय मारण्याला तो कोरड्या जमिनीवर पोहायला शिकण्यासारखे मानी. म्हणून त्याच्या शिष्यांना हातमोजे, डोक्याला व छातीला संरक्षक कवच बांधून खरोखर एकमेकांवर वार करावे लागत. यातूनच १९६७ साली त्याने आपल्या पद्धतीला जीत कुन दो हे नाव दिले. उपयोगी पडेल ते घ्यावे आणि निरुपयोगी ते टाकावे, हे तिचे सूत्र होते. पडद्यावर उंच लाथा मारणारा हा माणूस शिष्यांना मात्र गुडघ्यावर आणि नडगीवर लाथ मारायला शिकवी.

नानचाकूची नीट ओळख त्याला डॅन इनोसान्टो या फिलिपिनो वंशाच्या शिष्याने करून दिली. इनोसान्टो काठीच्या लढाईत मुरलेला होता. ब्रूसच्या पद्धतीत नानचाकूला मोठे स्थान नव्हते, कारण ती मुख्यतः निःशस्त्र लढण्याची पद्धत. पण त्याचा नियम या हत्यारालाही लावून पाहता येतो. हवेत फिरणाऱ्या दांडक्याला काही अडवत नाही, म्हणून ते ठरल्या जागी परत येते. तेच दांडके कठीण वस्तूवर आदळले की उसळी मारून फिरवणाऱ्याच्याच बोटांवर किंवा तोंडावर येते. टांगलेल्या पोत्यावर किंवा जुन्या टायरवर मारून पाहिल्याशिवाय ही उसळी आवरता येत नाही. पाठीमागून हात बदलणे दिसायला सुंदर, पण तेवढ्या वेळात अंग उघडे पडते. शिवाय मोठ्या वळशाच्या आत शत्रू शिरला तर फिरकी कुचकामी ठरते. म्हणून लढण्यासाठी सराव करणाऱ्याने पावले आणि अंतर आधी शिकावे, एकच आखूड वार पक्का करावा, आणि मऊ दांडके घेऊन, कवच घालून जोडीदाराबरोबर खेळावे.

इकडे चरितार्थ चालवायचा होता. 'द ग्रीन हॉर्नेट' ही दूरचित्रवाणी मालिका १९६७ साली बंद पडली होती. १९७० मध्ये वजन उचलताना पाठीची शीर दुखावली आणि कित्येक महिने बिछान्यावर गेले. तेव्हा त्याने वह्याच्या वह्या भरून टिपणे लिहिली. पुढे १९७५ साली त्यांचे पुस्तक निघाले. १९७१ च्या सुरुवातीला तो जेम्स कोबर्न या नटाबरोबर एका चित्रपटासाठी जागा शोधायला भारतातही येऊन गेला, परंतु तो बेत तडीस गेला नाही. अखेर हाँगकाँगने त्याला हात दिला. 'द बिग बॉस' (१९७१) या चित्रपटाने तो एकदम शिखरावर पोचला.

'फिस्ट ऑफ फ्यूरी' (१९७२) मध्ये जपानी आखाड्यात त्याने नानचाकू बाहेर काढला आणि प्रेक्षक वेडे झाले. 'वे ऑफ द ड्रॅगन' मध्ये तर एक गुंड त्याचे पाहून नानचाकू उचलतो आणि फिरवताना स्वतःच्याच डोक्यात मारून घेतो. लोक हसले, पण त्या विनोदात नक्कल करणाऱ्यांना इशारा होता. 'गेम ऑफ डेथ' साठी त्याने इनोसान्टोशीच लढत चित्रित केली. तीत प्रतिस्पर्धी ठरलेल्या तालात काठ्या चालवतो आणि ब्रूस बांबूच्या बारीक लवचिक छडीने तो ताल मोडतो. नंतर दोघेही नानचाकू घेतात. दाखवण्याच्या लढतीतही लढाईचा धडा असा त्याने गुंफला.

तो चित्रपट अर्धवट राहिला. २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये डोकेदुखीची गोळी घेऊन ब्रूस झोपला तो उठलाच नाही. मेंदूला सूज आली होती. वय अवघे बत्तीस. त्याला जगभर नेणारा 'एंटर द ड्रॅगन' प्रदर्शित होण्याआधीच तो गेला. सिएटलमध्ये त्याची समाधी आहे, आणि १९९३ साली चित्रीकरणातील अपघातात मरण पावलेला मुलगा ब्रँडन त्याच्या शेजारीच विसावला आहे.

मागे उरले ते दांडके. न्यूयॉर्क राज्याने १९७४ साली नानचाकूवर बंदी घातली. ती न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये रद्द ठरवली. ब्रिटनमध्ये बरीच वर्षे त्याच्या चित्रपटांतील नानचाकूची दृश्ये कापली जात. २००८ साली चीनमध्ये एका मोबाइल फोनच्या जाहिरातीत ब्रूस नानचाकूने टेबल टेनिस खेळताना दाखवला. तो एक तोतया नट होता, तरी आजही कितीतरी लोक ते दृश्य खरे मानतात.

वाचकहो, आपल्या घरातले एखादे मूल अंगणात दांडके फिरवीत असेल तर त्याला रागावू नका. फिरवणे हाही व्यायाम आहे आणि त्याने हाताला चपळाई येते. मात्र त्याला एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे पाठवा, आधी मऊ दांडके द्या, आणि आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो तेही विचारून घ्या. चार दिवसांत अंगठ्यावर एक टोला बसेल, तेव्हा ब्रूस लीने ओकलंडच्या झुंजीनंतर धावायला का सुरुवात केली हे त्याला समजावून सांगा.