लसीतून सापडलेली ‘ॲलर्जी’: डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के

धुळीची ॲलर्जी, शेंगदाण्याची ॲलर्जी, सोमवारची ॲलर्जी... हा शब्द आपण येता-जाता वापरतो. पण १९०६ च्या आधी तो नव्हताच! व्हिएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी तो तयार केला, आणि तोही इंजेक्शन आणि लस बघून.

क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा जन्म १८७४ चा. आधी धर्मशास्त्र, मग तत्त्वज्ञान आणि शेवटी मेडिकल. (ब्रांच बदलायचा विचार करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) १९०० मध्ये ते डॉक्टर झाले.

तेव्हा घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम टोचायचे. जीव वाचायचे, पण काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, अंगावर पित्त उठायचं, सांधे दुखायचे. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी दिवस मोजले. तेच सीरम दुसऱ्यांदा दिलं की त्रास खूप लवकर सुरू व्हायचा, कधी त्याच दिवशी. देवीच्या लसीतही तेच. आधी लस घेतलेल्याच्या हातावर प्रतिक्रिया लवकर दिसायची.

पदार्थ तोच होता, बदललं होतं शरीर. आपल्या भाषेत, पहिली रिक्वेस्ट स्लो, पुढची कॅशमधून. (शरीर इतकं साधं नाही, पण अंदाज येतो.) ही आठवण कधी संरक्षण देते, कधी त्रास. पिर्के यांनी दोन्हींसाठी ग्रीकमधल्या ‘वेगळं’ आणि ‘कार्य’ या शब्दांवरून एकच शब्द केला. पुढे अर्थ फक्त त्रासापुरता उरला. मला तरी हे नुकसान वाटतं.

कारण आठवण त्या-त्या पदार्थाची असते. धुळीने शिंका येणाऱ्याला लसीचाही त्रास होईलच असं नाही. म्हणून डॉक्टर नेमकं विचारतात, आधीच्या डोसची किंवा लसीतल्या एखाद्या घटकाची तीव्र रिॲक्शन आली होती का? उत्तर ‘हो’ असेल तर ते आधीच सांगायचं. कोविडच्या लसीनंतर केंद्रावर अर्धा तास बसवायचे, तेही यासाठीच. तीव्र रिॲक्शन बहुतेक वेळा लगेच येते आणि तिथे उपचार हाताशी असतात.

१९०७ मध्ये पिर्के यांनी हीच आठवण कामाला लावली. त्वचेवर ओरखडा काढून त्यात ट्युबरक्युलिन टाकायचं. क्षयाच्या जंतूंशी शरीराची आधी गाठ पडली असेल तर तिथे लाल गाठ उठते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांना जेवण पुरवण्याच्या कामात ते होते. १९२९ मध्ये, ५४ व्या वर्षी, ते व्हिएन्नात वारले.