पेशीच्या श्वासाचा माग काढणाऱ्या कमलाबाई

मित्रांनो, आपल्या पालघर-माहीम पट्ट्यात सकाळची ताजी नीरा आपल्यापैकी बरेच जण पितात. या नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह तपासून, ती कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना उपयोगी पडते हे दाखवणाऱ्या डॉ. कमला सोहोनी मात्र किती जणांना माहीत आहेत?

माहेरच्या त्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या बहीण. जन्म १९११, इंदूरचा. १९३३ मध्ये मुंबईहून बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटून बसल्या. शेवटी वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे इतर मुलींनाही तिथे प्रवेश मिळू लागला.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं आणि श्वसनात भाग घेतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध अवघा ४० पानांचा!

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या, विज्ञान संस्थेत शिकवलं, पुढे तिथल्या संचालकही झाल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण सायटोक्रोम सी ची गोष्ट इथे संपत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत कळलं की हे प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर गळलं की पेशी स्वतःच मरते. कर्करोगाची अनेक औषधं याच वाटेनं काम करतात. पण कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवून भराभर ऊर्जा काढतात. त्यासाठी लागणारं 'हेक्सोकायनेज-२' हे विकर अनेक कर्करोगांत तंतुकणिकेला चिकटून बसतं आणि ही गळती अडवायला मदत करतं. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉल्ट आलाय, पण ब्रेकर ट्रिपच होत नाही! औषध पोचतं, पेशी मात्र जगते. औषध लागू न पडण्याचं हे एक कारण, आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे.

बटाट्याच्या अभ्यासाचा काय उपयोग, असं तेव्हा कुणाला वाटलंही असेल. पण पेशी श्वास कसा घेते हे आधी कळलं, म्हणूनच ती मरायचं कसं टाळते हे आज शोधता येतंय. तेव्हा मित्रांनो, कुठलाही विषय 'स्कोरिंग नाही' म्हणून सोडून देण्याआधी कमलाबाईंना एकदा जरूर आठवा.