थळ घाटाचे शिल्पकार जेम्स बर्कले

नाशिकहून आगगाडीने मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकास इगतपुरीनंतर थळ घाट उतरावा लागतो. बोगद्यांचा काळोख आणि खोल दऱ्या पाहून आपण थक्क होतो. परंतु ही वाट ज्यांनी आखली, त्या जेम्स जॉन बर्कले यांचे चरित्र फार थोड्यांस ठाऊक असते.

बर्कलेसाहेबांचा जन्म १८१९ साली लंडनजवळ हॉलोवे येथे झाला. विख्यात स्थापत्यविशारद रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर म्हणून १८५० साली ते मुंबईस आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी धावली. खरी कसोटी मात्र पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी होती.

विद्यार्थिमित्रहो, ही कसोटी घर्षणाची होती. गुळगुळीत रुळावर चाकास विरोध फार थोडा होतो. सपाटीवर सावकाश चालणारा एक टन भार ओढण्यास सुमारे १० पौंड जोर पुरतो. परंतु ३७ फुटांत एक फूट असा चढ आला, की २,२४० पौंडांच्या त्या टनाचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे ६० पौंड, आणखी ओढावे लागतात. एकूण जोर सातपट होतो. शिवाय सपाटीवर उपकारक असलेला गुळगुळीतपणा येथे वैरी बनतो. इंजिनाची चाके रुळास धरून राहतात ती घर्षणाच्याच बळावर. पावसाने रूळ ओले झाले की ही पकड सुटू लागते आणि चाके जागच्या जागी फिरतात. उतारावर गाडी आवरणारा ब्रेकही घर्षणावरच विसंबून असतो. हवेचा विरोध मात्र घाटातील मंद वेगात अल्प असतो. वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो.

म्हणून बर्कलेसाहेबांनी डोंगराची बारकाईने पाहणी करविली व चढ ३७ त एक याहून तीव्र होऊ दिला नाही. ९७२ फुटांची चढण नऊ मैलांहून अधिक लांबीवर पसरली. जेथे वळण्यास जागा नव्हती, तेथे गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक योजिले.

या कामाचे मोल मोठे होते. बोर घाटाच्या बांधणीत पटकीने हजारो मजूर मृत्युमुखी पडले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. बर्कलेसाहेबांची प्रकृतीही ढासळली. १८६१ साली ते स्वदेशी परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, निवर्तले. बोर घाट १८६३ साली व थळ घाट १८६५ साली खुला झाला. दोहोंपैकी एकाही घाटातून गाडी जाताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

शेजारच्या कसारा घाटातून मोटारी धावतात. डांबरी सडकेवर रबरी चाकास होणारा विरोध मोटारीच्या वजनाच्या शेकडा एक ते दीड असतो. लोखंडी चाकाच्या मानाने हा दुपटीहून अधिक. तो मोजण्याची रीत सोपी आहे. सपाट सडकेवर इंजिनाचा जोर काढून घ्यावा, ठराविक वेळात वेग किती घटला ते पाहावे, व दर सेकंदाच्या घटीने वस्तुमानास गुणावे; चाकांचा व हवेचा मिळून एकूण विरोध हाती येतो.

आजही अनेक गाड्यांना कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडावी लागतात. ज्या विरोधाशी झुंजावयाचे त्याचे माप आधी घ्यावे, हाच या थोर पुरुषाच्या चरित्राचा बोध होय.