डिश्लीचा रॉबर्ट बेकवेल, किंवा एका गुणाच्या लोभाची किंमत

गुरांच्या पैदाशीत मनुष्य ज्या गुणाची पारख करतो तो गुण त्यास मिळतो, आणि ज्या गुणाकडे तो पाठ फिरवितो तो त्यास न सांगता गोठ्यातून निघून जातो. हा नियम ज्याच्या आयुष्यात अगदी ठळक अक्षरांनी लिहिलेला आढळतो, त्या इंग्लंडातील रॉबर्ट बेकवेल नामक शेतकऱ्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्याचा धंदा मांसाकरिता गुरे व मेंढ्या वाढविण्याचा होता. हा विषय आमच्या पुष्कळ वाचकांस रुचणार नाही हे आम्ही जाणतो. तथापि येथे प्रश्न मांसभक्षणाच्या योग्यायोग्यतेचा नसून पैदाशीच्या शास्त्राचा आहे. आणि ते शास्त्र दुधास, ओढकामास व मांसास सारखेच लागू पडते. ज्याला जे घ्यावयाचे आहे ते त्याने घ्यावे. परंतु ज्याने हा मार्ग प्रथम चोखाळला त्याचे यश आणि त्याची चूक ही दोन्ही पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये, एवढीच आमची विनंती.

बेकवेलचा जन्म १७२५ साली लेस्टरशायर परगण्यात, लफबरो गावाजवळच्या डिश्ली येथील शेतावर झाला. शेत सुमारे ४४० एकरांचे. पण जमीन घराण्याच्या मालकीची नव्हती, बेकवेल कुळ म्हणून ती कसत. तरुणपणी रॉबर्टने देशभर, आणि देशाबाहेरही, फिरून निरनिराळ्या ठिकाणची शेती व जनावरे डोळ्यांनी पाहिली. १७६० साली बाप वारल्यावर शेताचा सर्व कारभार त्याच्याकडे आला. त्याने लग्न केले नाही; त्याचा संसार म्हणजे त्याचा गोठा व त्याची कुरणे.

त्या काळी इंग्लंडातील जनावरांची स्थिती कशी होती हे ध्यानात घेतले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी गावाची गुरे सामाईक कुरणात एकत्र चरत आणि कोणत्या गायीस कोणता वळू लागला याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. बैल नांगरास, गाय दुधास, मेंढी लोकरीस. आणि ही कामे संपून जनावर म्हातारे झाले म्हणजे खाटकाकडे, असा सामान्य क्रम होता. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकसंख्या वाढू लागली, कारखान्यांची शहरे उभी राहू लागली, आणि मजुरास स्वस्त व चरबीदार मांस हवे झाले. मेणबत्त्यांकरिताही चरबी लागे. जनावर हे गवताचे मांस करणारे यंत्र आहे, आणि त्याच गवतात अधिक मांस देणारे यंत्र तेच चांगले, ही कल्पना बेकवेलने या परिस्थितीतून उचलली. आज ती साधी वाटते. त्या वेळी ती क्रांतिकारक होती.

त्याची पद्धत चार गोष्टींत सांगता येईल. पहिली, नर व माद्या वेगळ्या ठेवून मेळ आपल्या निवडीनेच घडवून आणावयाचा. दुसरी, जनावराचा आकार व रंग पाहून न भुलता त्याच्या अंगावर हात फिरवून, भारी किमतीचे मांस जेथे असते त्या पाठीच्या व मागल्या भागाची भरणी आणि हाडांचा बारीकपणा तपासावयाचा. तिसरी, इच्छित गुण ज्या घराण्यात दिसला त्याच घराण्यात, बाप-लेक किंवा भाऊ-बहीण असा विचार न करता, पुन्हा पुन्हा मेळ घालून तो गुण पक्का करावयाचा. त्या काळी लोकांस ही सगोत्र पैदास अधर्म्य वाटे. चौथी गोष्ट सर्वांत चतुराईची. तो आपले मेंढे व वळू विकीत नसे, हंगामापुरते भाड्याने देई. मग भाडेकऱ्यांच्या शेतावर जाऊन त्या नराची अवलाद कशी निपजली हे पाही, आणि ज्याची अवलाद उत्तम त्यास परत आणून आपल्या कळपात वापरी. नराची खरी परीक्षा त्याच्या रूपावरून नव्हे तर त्याच्या संततीवरून करावयाची, हे तत्त्व पुढे शास्त्रज्ञांनी मान्य केले. बेकवेलने ते व्यवहारात आणले होते.

प्रथम त्याच्या मेंढ्यांना एका पौंडाहूनही कमी भाडे मिळे. उत्तरायुष्यात एकेका मेंढ्यास एका हंगामापुरते शेकडो गिनी मोजणारे लोक डिश्लीस येऊ लागले. गुरांमध्ये त्याने लांब शिंगांची जात घेतली. कॅन्ली गावच्या वेब्स्टर नामक पैदासकाराकडून कालवडी आणल्या, वेस्टमोरलंडकडच्या वळूशी त्यांचा मेळ घातला, आणि त्यातून टूपेनी नावाचा त्याचा प्रख्यात वळू निपजला. गाडीच्या काळ्या घोड्यांवरही त्याने मेहनत घेतली. त्यातील एक घोडा १७८५ साली लंडनास नेऊन तिसऱ्या जॉर्ज राजास दाखविण्यात आला.

जनावरांशी वागण्याची त्याची रीत मात्र आमच्या प्रत्येक शेतकऱ्याने शिकण्यासारखी आहे. आर्थर यंग या प्रसिद्ध कृषिलेखकाने डिश्लीस भेट देऊन १७७१ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत तेथील वळूंच्या शांतपणाबद्दल आश्चर्य व्यक्त केले आहे. पोरसवदा गडी हातात बारीकशी छडी घेऊन त्या प्रचंड जनावरांस कुरणातून कुरणात नेत असत. मारहाण नाही, गोठे स्वच्छ, चारा मोजून. शेतात पाट काढून त्याने कुरणे भिजविली आणि जमिनीचे लहान तुकडे पाडून कोणत्या रीतीने गवत अधिक येते याचे प्रयोग केले. घरात नामांकित जनावरांचे सांगाडे व खारवलेले मांसखंड मांडून ठेवले होते, ते यासाठी की एका पिढीच्या हाडामांसाची दुसरीशी तुलना पाहुण्यास डोळ्यांनी करता यावी. परदेशचे सरदार व साधे शेतकरी त्याच्या घरी सारख्याच अगत्याने जेवत. या आदरातिथ्याचा व प्रयोगांचा खर्च त्यास झेपला नाही असे मानतात. १७७६ साली त्याचे दिवाळे निघाले. परंतु तो खचला नाही. पुन्हा उभा राहून त्याने आपले काम चालविले, आणि पुढच्या दशकात त्याच्या मेंढ्यांचा भाव पूर्वीपेक्षाही चढला. १७९५ साली तो डिश्लीसच वारला व शेत त्याच्या भाच्याकडे गेले.

येथवरचे चरित्र यशाचे आहे. आता त्याची दुसरी बाजू पाहू. बेकवेलने चरबी लवकर चढणे व हाड बारीक असणे हे गुण मागितले आणि ते त्यास भरपूर मिळाले. पण जे त्याने मागितले नाही तेही त्याच वेळी गेले. त्याच्या लांबशिंगी गायींचे दूध आटले आणि त्यांची गाभण राहण्याची शक्ती उणावली. नव्या लेस्टर मेंढ्यांचे मांस इतके चरबट झाले की सुखवस्तू लोकांस ते नकोसे वाटू लागले, आणि त्या मेंढ्यांना कोकरेही कमी होऊ लागली. ज्या गाईला स्वतःचे वासरू नीट पाजता येत नाही आणि जी वर्षाआड भाकड राहते, ती कितीही गोल दिसली तरी शेतकऱ्यास कसली परवडणार? परिणाम असा झाला की त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दशकांत त्या लांबशिंगी गुरांस मागे सारून आखूडशिंगी गुरांनी इंग्लंड व्यापले. विसाव्या शतकात तर लांबशिंगी जात दुर्मिळ होऊन तिच्या रक्षणाची चिंता करावी लागली. त्यानंतर मात्र ती पुन्हा सावरली आहे. मेंढ्यांचे रक्त बॉर्डर लेस्टरसारख्या जातींतून टिकले, पण तेही इतर रक्ताशी मिसळून.

आखूडशिंगी गुरांचा उत्कर्ष करणाऱ्या कॉलिंग बंधूंनी विद्या घेतली ती डिश्लीचीच. चार्ल्स कॉलिंगचा कॉमेट नावाचा वळू १८१० साली १,००० गिनींस विकला गेला. त्याच विक्रीत टॉमस बेट्स याने डचेस घराण्यातील एक कालवड विकत घेतली. बेट्स हा शहाणा मनुष्य. त्याने मांस व दूध ही दोन्ही एका जनावरात साधण्याचा हट्ट धरला आणि खाल्लेला चारा व निघालेले दूध यांचे हिशेब ठेवले. परंतु कुलीनतेच्या अभिमानाने त्याने ते घराणे इतके आतल्या आत फिरविले की गायी विण्याच्या बंद होऊ लागल्या, आणि १८३१ साली बेल्व्हिडीअर हा बाहेरचा वळू आणून घर सावरावे लागले. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी गुण पाहण्याचे सोडून वंशावळीचा कागदच पुजावयास आरंभ केला. १८७३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क मिल्स येथे त्या घराण्याची एक गाय ४०,६०० डॉलरांस विकली गेली! आणि एवढ्या किमतीचे ते घराणे पुढे वंध्यत्वाने ग्रासून नामशेष झाले. कागदावरची कुलीनता कासेत दूध आणीत नाही व पोटी वासरू देत नाही, याहून स्पष्ट पुरावा तो कोणता हवा?

हे असे का घडते, याचे उत्तर आता शास्त्राने दिले आहे. एकच आनुवंशिक बीज अनेक गुणांवर काम करते. म्हणून एक गुण ओढला की त्याच्याशी बांधलेले दुसरे गुण त्याच्या मागे, कधी अनुकूल तर कधी प्रतिकूल दिशेने, खेचले जातात. जलद वाढीचा हव्यास धरला तर वासरे जन्मतःच मोठी होतात व गायी विताना अडतात. त्यातच निकटच्या नात्यातील मेळ सारखा घातला म्हणजे एरवी झाकून राहणारे दोष जोडीने प्रकट होतात, आणि त्यांचा पहिला घाव प्रजननशक्तीवर व जोमावर पडतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास बुटक्या, गोलमटोल हेरफर्ड जनावरांस प्रदर्शनांत बक्षिसे मिळू लागली. तेव्हा त्या रूपाबरोबर खुजेपणाचे बीजही पसरले व खुरटलेली, निरुपयोगी वासरे निपजू लागली. मग लोक घाबरून उलट टोकास गेले आणि उंच, अवाढव्य गुरांच्या मागे लागले. बेल्जमच्या निळ्या जातीत स्नायूंची भरती विलक्षण आहे. पण तिच्या बहुतेक वासरांचा जन्म पोट फाडूनच करवावा लागतो.

यावर उपायही निघाला आहे. १९४३ साली हेझल या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की प्रत्येक गुणास त्याच्या व्यावहारिक मोलाप्रमाणे वजन देऊन सर्वांचा मिळून एकच अंक काढावा व त्या अंकावरून निवड करावी. वाढ, सुलभ वीत, वेळेवर गाभण राहणे, वासरास पुरेसे दूध, मजबूत पाय व खूर, शांत स्वभाव, यांपैकी एकाही गुणास शून्य वजन द्यावयाचे नाही. अशा निवडीत कोणत्याही एका गुणाची प्रगती सावकाश होते हे खरे. परंतु जी होते ती टिकते. सर्वांगपूर्ण जनावर म्हणजे एका बाबतीत पहिले आलेले जनावर नव्हे; ते कोणत्याच बाबतीत नापास न झालेले जनावर होय.

आता हा बोध आमच्या घरी लागू करून पाहू. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडील खिलार, नाशिककडच्या मुसळधार पावसात टिकणारी डांगी, मराठवाड्यातील दूध व ओढ दोन्ही देणारी देवणी, वऱ्हाड-नागपूरकडची गवळाऊ, या जाती आमच्या पूर्वजांनी आपल्या रानास, हवेस व कामास जुळतील अशा घडविल्या. पुढे दुधाच्या आकड्याकडे पाहून परदेशी वळूंचा संकर जोराने झाला. त्याने पुष्कळ कुटुंबांच्या घरी दुधाचा पैसा आला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याबरोबर उन्हाचा ताप सोसण्याची शक्ती, रोगप्रतिकार, कमी चाऱ्यावर निभण्याची काटकता आणि जूं पेलणारे वशिंड, यांचा हिशेब किती जणांनी मांडला? उलट बाजूस, खिलाराचा केवळ शर्यतीतला वेग अथवा शिंगांची कमान पाहून वळू निवडणारे व गाय वेळेवर विते की नाही हे न विचारणारे लोकही बेकवेलचीच चूक करीत आहेत. बक्षिसाचा फेटा वळूस बांधला जातो; भाकड गाईचा खर्च मात्र घरधनिणीस सोसावा लागतो.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या गावी वळू ठेवावयाचा असेल त्या गावाने त्याच्या आईचे दूध, तिच्या वितींमधील अंतर, तिचे वय व स्वभाव यांची वही मागावी, आणि त्याची पाच-दहा वासरे पाहिल्यावाचून त्याचा फार विस्तार करू नये. प्रदर्शनांच्या परीक्षकांनी रूपाबरोबर या वहीसही गुण द्यावेत. सरकारी पैदासकेंद्रांनी वळूचा एकच मोठा आकडा छापण्याऐवजी त्याच्या सर्व गुणांचा तक्ता शेतकऱ्यास समजेल अशा मराठीत द्यावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीस परदेशी यंत्र लागत नाही; शाई, कागद व प्रामाणिकपणा एवढेच लागते.

बेकवेलने आपली विद्या ग्रंथरूपाने लिहून ठेवली नाही. तिचे यश लोकांनी त्याच्या मेंढ्यांत पाहिले आणि तिची उणीव त्याच्या गायींत. निवड करण्याचे सामर्थ्य मनुष्याच्या हाती आहे हे त्याने जगास शिकविले, याबद्दल त्याचे ऋण मोठे आहे. त्या सामर्थ्यास विवेकाची वेसण घालण्याचे काम त्याने पुढच्यांकरिता शिल्लक ठेविले. ते करणे अथवा न करणे हे आता आपल्या हाती आहे.