ढगातले कण मोजणारे एटकिन

अ‍ॅपने दुपारी चारला पाऊस सांगितला, तुम्ही छत्री सांभाळत कॉलेजला गेलात आणि दिवसभर नुसतं आभाळ भरून राहिलं. असं कितीदा झालंय? अंदाज चुकण्याची कारणं बरीच असतात. त्यातलं एक ढगाच्या आत दडलेलं आहे, आणि ते समजून घ्यायचं तर जॉन एटकिन यांना भेटायला हवं.

एटकिन यांचा जन्म १८३९ चा, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावचा. ग्लासगो विद्यापीठात शिकून ते मरीन इंजिनीअर होणार होते. जहाजांच्या कारखान्यात उमेदवारीही केली. पण तब्येतीने दगा दिला आणि ऐन तारुण्यात करिअरवर फुली पडली. तुमच्या वयाच्या मुलाला हे किती लागलं असेल, विचार करा! एटकिन यांनी घरातच प्रयोगशाळा थाटली आणि उपकरणं स्वतः बनवली. कुठल्या विद्यापीठाचं पद त्यांनी कधीच घेतलं नाही.

त्यांचा गाजलेला प्रयोग अगदी साधा होता. काचेची दोन भांडी घ्या. एकात नेहमीची हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हींत वाफ सोडा. पहिल्यात दाट धुकं होतं, दुसरं स्वच्छच राहतं. म्हणजे थेंब तयार व्हायला वाफेला बसायला जागा लागते आणि ती जागा देतात हवेतले सूक्ष्म कण. १८८० मध्ये त्यांनी हे एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. फ्रान्सच्या कुलिए यांना असंच काही आधी दिसलं होतं, पण त्याचा पाठपुरावा एटकिन यांनी केला.

मग प्रश्न आला, कण किती? त्यासाठी त्यांनी एक यंत्र बनवलं. डबीतल्या ओलसर हवेचा दाब पंपाने झटकन कमी करायचा. प्रत्येक कणावर थेंब धरतो आणि तो खालच्या चौकटी आखलेल्या पट्टीवर पडतो. भिंगातून ते थेंब मोजायचे, एकेक करून! डोंगरावरच्या स्वच्छ हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये काहीशे कण भरायचे, तर शहराच्या धुरकट हवेत हाच आकडा लाखाच्या घरात जायचा.

पण खरी मेख पुढेच आहे. यंत्रात हवा एकदम थंड होते, त्यामुळे अगदी बारीक कणांवरही थेंब धरतो. खऱ्या ढगात तेवढी वाफ नसते. तिथे काहीच कण थेंब बनतात. कोणते? ते कणाच्या आकारावर, तो मिठाचा आहे की काजळीचा यावर आणि हवा किती वेगाने वर चढते यावर ठरतं.

आता मॉडेलची अडचण बघा. ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आणि मॉडेलची एक चौकट काही किलोमीटरची. प्रत्येक थेंबाचा हिशेब अशक्य, म्हणून सूत्रं लावून अंदाज करावा लागतो. धूर वाढला की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं. थेंब लहान राहतात, एकमेकांत मिसळून मोठे व्हायला वेळ लागतो आणि पाऊस लांबू शकतो. प्रत्येक ढगात हे असंच घडेल, असंही नाही. माणसाने हवेत सोडलेल्या गोष्टींमुळे पृथ्वीच्या उष्णतेचा ताळेबंद किती बदलला, या हिशेबातली सर्वांत मोठी अनिश्चितता आजही याच कणांची आहे.

म्हणून मोजणं थांबलेलं नाही. पुण्याच्या आयआयटीएमने २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत विमानं थेट ढगांत नेली आणि कण व थेंब मोजले. महाबळेश्वरलाही त्यांची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे.

एटकिन यांना १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं. दोन वर्षांनी ते गेले. हवेतल्या सर्वांत बारीक कणांना आजही ‘एटकिन कण’ म्हणतात. तुम्ही फिजिक्स, केमिस्ट्री किंवा कोडिंग शिकत असाल, तर त्यांच्या मोजणीत अजून बरंच काम शिल्लक आहे.