एक्स्प्लेनर : इंग्रज ज्यांना चाचा म्हणत, त्या कान्होजी आंग्रेंचे नाव दीपस्तंभाला कसे?

अकलूज : मुंबई बंदराच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात खांदेरी बेट आहे. बेटावर मराठ्यांचा किल्ला आहे आणि इंग्रजांनी १८६७ मध्ये उभारलेला दीपस्तंभही आहे. मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना तो आजूबाजूच्या खडकांपासून सावध करतो. या दीपस्तंभाला नाव आहे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे. ज्यांना इंग्रजांनी आयुष्यभर समुद्री चाचा ठरवले, त्यांचेच! हे कसे घडले? या गोष्टीचा एक धागा समुद्रापासून दूर, नीरेकाठच्या अकलूजमध्ये सापडतो.

अकलूजचा संबंध काय?

फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना मोगलांनी संगमेश्वरला पकडले. ही बातमी औरंगजेबाला मिळाली, तेव्हा त्याची छावणी अकलूजला होती. त्याने अकलूजचे नाव बदलून असदनगर केले. त्याच वर्षी रायगड पडला आणि छत्रपती राजाराम महाराजांना दक्षिणेत जिंजीला जावे लागले. राजधानी गेली, राजा दूर गेला. कोकणातले किल्ले ज्याच्या त्याच्या भरवशावर उरले. कान्होजी पुढे आले ते याच काळात.

कान्होजी कोण होते?

त्यांचा जन्म १६६९ चा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ, पण पुणे भागातल्या आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजी सुवर्णदुर्गाच्या परिसरात, समुद्राच्या सोबतीने वाढले.

त्यांच्या तरुणपणीची एक हकिकत प्रसिद्ध आहे. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार जंजिऱ्याच्या सिद्दीला फितूर होण्याच्या बेतात होता. कान्होजींनी साथीदारांसह किल्ल्याचा ताबा घेतला. पुढे ते सिद्दीच्या हाती सापडले, पण निसटले आणि पोहत किल्ल्यावर परतले. किल्ला वाचला आणि त्यांचे नाव झाले. १६९८ मध्ये सिधोजी गुजर यांच्यानंतर आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख.

खांदेरी इतके महत्त्वाचे का?

मुंबईत जाणारे-येणारे जहाज खांदेरीवरून सहज टिपता येते. म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांचा विरोध मोडून तिथे किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी ती मोहीम लढवली. बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भर समुद्रात वेढा पडला तरी शिबंदी तहानेने हार मानणार नाही, ही त्या जागेची खरी ताकद. पुढे हा किल्ला कान्होजींच्या ताब्यात आला.

मग ते चाचे होते का?

वादाचे मूळ होते दस्तक, म्हणजे समुद्रावरचा परवाना. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने पैसे भरून दस्तक घ्यावे, नाहीतर जहाज जप्त होईल, असा कान्होजींचा नियम होता. हा प्रकार नवा नव्हता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हेच करत होते. इंग्रजही आपले परवाने देत होते. या समुद्रावर एका मराठा सरदाराने तोच हक्क सांगावा, हे त्यांना मान्य नव्हते.

संघर्षाची झळ निरपराधांनाही बसली. १७१२ मध्ये आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. त्यात कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याच्या पत्नीची सुटका ३०,००० रुपये घेऊन झाली. १७१३ मध्ये तह झाला. पण इंग्रजी झेंड्याखाली जाणारा माल नेमका कोणाचा, कंपनीचा की इतर व्यापाऱ्यांचा, यावरून पुन्हा ठिणगी पडली.

पेशव्यांशी वाद कसा मिटला?

शाहू महाराज १७०७ मध्ये मोगल कैदेतून सुटले आणि मराठ्यांत दोन पक्ष पडले. कान्होजी महाराणी ताराबाईंच्या बाजूने होते. १७१३ मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेले, पण स्वतःच कैद झाले. त्यानंतर पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी लढण्याऐवजी बोलणी केली. १७१४ च्या तहाने कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. त्यांचे सरखेलपद कायम राहिले. १० जलदुर्ग आणि १६ इतर किल्ले त्यांच्याकडे राहिले.

इंग्रजांना ते का आटोपले नाहीत?

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. दोन्ही फसले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चढाई केली. शाहूंच्या फौजा मदतीला धावल्या. पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रजांना रिकाम्या हाताने परतावे लागले.

कान्होजींची गुराबे तोफा चालवत आणि वल्ह्यांची हलकी गलबते उथळ खाडीतही शिरत. इंग्रजांची जड जहाजे तिथे येऊ शकत नव्हती. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. शिवाय मागे किल्ल्यांची साखळी होतीच.

त्यांच्यानंतर काय झाले?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागला आहे. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि भावांमध्ये फूट पडली. संभाजी आंग्रे एकीकडे, मानाजी कुलाब्याला. १७५६ मध्ये विजयदुर्गाजवळ तुळाजी आंग्रेंचे आरमार जळाले. त्या मोहिमेत इंग्रजांसोबत पेशव्यांची फौजही होती. कान्होजींच्या हयातीत इंग्रजांना जे जमले नाही, ते आपसातल्या भांडणाने साधून दिले. १८४० मध्ये कुलाबा संस्थानही खालसा झाले.

आज काय आहे?

भारतीय नौदलाचा मुंबईतला तळ आयएनएस आंग्रे या नावाने ओळखला जातो. १९९८ मध्ये खांदेरी बेटाला कान्होजींचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. राजाराम महाराजांना आसरा देणारी तामिळनाडूतली जिंजीही त्यात आहे.

बेटावर कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर आहे. जिथून एकेकाळी जहाजांना दस्तक विचारले जायचे, तिथून आज कोणत्याही देशाच्या जहाजाला मुंबईची वाट दाखवली जाते. इंग्रजांनी बांधलेल्या या दीपस्तंभावर नाव मात्र त्यांना हार न गेलेल्या सरखेलांचे आहे.